गेटपासवर नाव कुणाचं?

कंपनी चालवणारी माणसं एक प्रश्न नेहमी विचारतात: पगार वेळेवर देतो, बोनस देतो, तरी माणसं सोडून का जातात? कामगाराच्या घरात याच्या बरोबर उलटा प्रश्न विचारला जातो: इतकी वर्षं त्याच ठिकाणी राबतोयस, त्यांनी तुला काय दिलं? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच कोडं आहे. माणूस कंपनीशी बांधला जातो तो नेमका कशाने?

ते सोडवायला आपण पनवेल-उरणच्या पट्ट्यातल्या चिरनेर परिसरात जाऊ. नोकरी, जमीन, ठेकेदार आणि दिलेला शब्द हे सगळं इथे एकमेकांत इतकं गुंतलंय की निष्ठेचा एकही पदर नजरेआड होत नाही.

१. टिकणं वेगळं, निष्ठा वेगळी

चिरनेरचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. अक्कादेवीच्या माळावर झालेल्या गोळीबारात इथली माणसं हुतात्मा झाली. आज गावाच्या आसपास भातशेती आहे, महागणपतीचं जुनं देऊळ आहे, गणेशमूर्ती घडवणारी घरं आहेत आणि जवळच्या रस्त्यांवर कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरची रांग आहे. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि या भागात यार्डं उभी राहू लागली. बंदरातून आलेला कंटेनर इथे ठेवतात, कस्टमची तपासणी होते, माल उतरतो किंवा भरला जातो. या यार्डांना सगळे ‘सीएफएस’ म्हणतात.

समजा, अशा एका यार्डात एक तरुण नऊ वर्षं काम करतोय. सांगितली ती शिफ्ट करतो, दांड्या मारत नाही. व्यवस्थापक म्हणतो, “आमचा निष्ठावान माणूस.” खरंच आहे का तो?

जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये या प्रश्नाची छान उकल केली. माणूस टिकतो त्याची त्यांनी तीन कारणं सांगितली. एक, त्याला तिथे राहावंसं वाटतं. दोन, त्याला राहावं लागतं, कारण सोडलं तर नुकसान आहे किंवा दुसरं काम मिळणार नाही. तीन, राहणं आपलं कर्तव्य आहे असं त्याला वाटतं. कुणी अडचणीत नोकरी दिलेली असते, त्याची जाण असते. हजेरीपटावर तिघेही सारखेच दिसतात. फरक कळतो तो संकटाच्या रात्री. यार्डात पाणी शिरलं, यंत्र बंद पडलं, अशा वेळी पहिला माणूस न बोलावता येतो. दुसरा शिफ्ट संपली की घरी जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. २००१ मध्ये टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की माणूस नोकरीत रुजतो तो फक्त कंपनीमुळे नव्हे. घर, नातेवाईक, मुलांची शाळा, गावातलं त्याचं स्थान, हे सगळं त्याला धरून ठेवतं. चिरनेरच्या तरुणाची थोडी शेती आहे, म्हातारे आईवडील आहेत, गावच्या उत्सवात त्याच्याकडे जबाबदारी आहे. सकाळी मोटरसायकलवरून जाऊन संध्याकाळी घरी येता येतं म्हणून तो टिकलेला असतो. कंपनी मात्र ही गावावरची माया आपल्या खात्यात जमा करते. माझ्या मते स्थानिक कामगारांबद्दल व्यवस्थापनाचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो.

२. पगार काय करतो आणि काय करत नाही

उरण-पनवेलच्या खाडीकाठच्या माणसाला खारबांध समजावून सांगावा लागत नाही. बांध फुटला की भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि पीक तर जातंच, पुढची काही वर्षं जमीनही नासते. पण बांध कितीही भक्कम घातला तरी त्यावर भात उगवत नाही. त्यासाठी बियाणं, पाऊस, लावणी, बेणणी लागतेच. पगाराचंही तसंच आहे. तो अपुरा असेल, उशिरा होत असेल, तर बाकी काहीही केलं तरी माणूस जाणार. पुरेसा असेल तर पैशापायी होणारं जाणं थांबेल. मन लागण्यासाठी मात्र आणखी काही लागतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी हेच १९५९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारलं: कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं? वाईट आठवणींत वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम, पगार आणि कामाच्या जागेची स्थिती वारंवार आली. चांगल्या आठवणी होत्या काम तडीस नेल्याच्या, कुणीतरी दखल घेतल्याच्या, जबाबदारी मिळाल्याच्या. नाराजीची कारणं दूर केली की नाराजी जाते, पण समाधान आपोआप येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष आपल्याकडे आणताना जपून आणला पाहिजे. ज्यांना हर्झबर्ग भेटले त्यांचे बांध शाबूत होते. यार्डात किमान वेतनावर काम करणाऱ्याला “पैशापेक्षा कौतुक मोठं” हे सांगणं अन्यायाचं आहे. अमेरिकेतच १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या मोटारीच्या कारखान्यात माणसं इतक्या वेगाने सोडून जात होती की एका वर्षात ३७० टक्के गळती झाली. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात तीनशे सत्तर माणसं घ्यावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरपर्यंत मजुरी आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला, आणि गळती झपाट्याने कमी झाली. आधी बांध, मग बियाणं. हा क्रम उलटा करता येत नाही.

३. शेजारच्याला किती मिळतं?

पगाराचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. माणूस तो दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून वाचतो. १९६० च्या दशकात जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी यावर सविस्तर लिहिलं. मी किती घालतो आणि मला किती मिळतं, तो किती घालतो आणि त्याला किती मिळतं, या दोन हिशेबांची तुलना मनात सतत चालू असते.

समजा, रीच स्टॅकरवर दोन चालक आहेत. भरलेले कंटेनर उचलून एकावर एक रचणारं हे अवजड यंत्र आहे. जरा चूक झाली तर जीव जाऊ शकतो. एक चालक कंपनीचा कायम कामगार, महिना ३८,००० रुपये. दुसरा ठेकेदाराचा, महिना १९,०००. यंत्र तेच, शिफ्ट तीच, धोका तोच. कंपनीने दुसऱ्याला २,००० वाढ दिली तर तो खूश होईल का? काही दिवस होईल. पण रोज डबा खायला तो त्याच पहिल्या चालकाशेजारी बसतो.

अन्याय माणसाला कुठवर नेतो याचं मराठी उद्योगातलं सर्वांत बोलकं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. त्या संस्थेने एक हाडाचा तंत्रज्ञ गमावला. तिथे पगार कमी पडत होता असं नाही. आपल्याला मोजण्याचं माप वेगळं आहे हे त्यांना सहन झालं नाही.

४. न लिहिलेला करार

नोकरीचा एक करार कागदावर असतो. दुसरा मनात असतो: मी मनापासून राबेन, तुम्ही मला वाऱ्यावर सोडणार नाही. अभ्यासक याला मानसिक करार म्हणतात. डेनिस रूसो यांनी १९८९ मध्ये या कल्पनेची नेमकी मांडणी केली, आणि हा करार मोडला की माणसाला फसवणूक झाल्यासारखं वाटतं, हे दाखवलं. पगार कमी पडल्याच्या रागापेक्षा हा राग खोल असतो.

किर्लोस्करांचीच पुढची गोष्ट या कराराची आहे. बेळगावात त्यांनी काढलेला कारखाना जम धरत असताना नगरपालिकेला ती जागा हवी झाली. उठावं लागलं. औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन आणि कर्ज दिलं. १९१० मध्ये लक्ष्मणरावांबरोबर त्यांचे कामगार आपली बायकामुलं घेऊन त्या निवडुंगाच्या माळावर गेले. तिथे काहीच नव्हतं. किर्लोस्करवाडी व्हायची होती. बेळगावात दुसरं काम मिळालं असतं अशी ही हातात कसब असलेली माणसं. ती गेली कारण नेणाऱ्याचा शब्द त्यांनी पारखलेला होता, आणि मालक स्वतः त्याच माळावर राहणार होता.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे आधी गिरणीची सवय नसलेले कामगार मनात येईल तेव्हा घरी राहत. जमशेटजी टाटा आणि व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडाचा सोपा मार्ग घेतला नाही. १८८६ मध्ये पेन्शनचा निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी. यातलं काहीही तेव्हा कायद्याने बंधनकारक नव्हतं. म्हातारपणाची सोय आधी केली, मग हजेरीची अपेक्षा ठेवली.

आता चिरनेरच्या परिसरात परत येऊ. इथे न लिहिलेला करार नोकरीच्या पहिल्या दिवशी सुरू होत नाही, तो एक पिढी आधी सुरू होतो. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जमीनधारक शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. न्हावा शेवा बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना अशा भूखंडांची पत्रं वाटली गेली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. बंदर सुरू होऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती.

त्या घरातला मुलगा जेव्हा यार्डाच्या गेटवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागे आजोबांची शेतजमीन उभी असते. “जमीन गेली, पोराला काम मिळेल” हे घरात शेकडो वेळा बोललं गेलेलं असतं. यार्डाचा मालक म्हणेल की हा शब्द मी दिला नव्हता, आणि ते खरंही असेल. पण या पट्ट्यात धंदा करणाऱ्या प्रत्येक कंपनीला हा शब्द वारशात मिळाला आहे. तो नाकारून इथल्या माणसाकडे निष्ठा मागता येत नाही.

५. बारा वर्षं आणि शून्य

आता या प्रकरणाच्या शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. यार्डात काम करणाऱ्या बहुतेकांच्या खिशात गेटपास असतो. त्यावर माणसाचं नाव, यार्डाचं नाव आणि अनेकदा ठेकेदाराचं नाव असतं. कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार. यार्ड त्याचं ‘मूळ मालक’. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने रूढ केलेला हा शब्द आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, एवढं संरक्षण कायद्याने दिलं. पण नोकरीच्या सलगतेचं काय?

हे एका हिशेबातून पाहू. ग्रॅच्युइटी म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरीच्या शेवटी मिळणारी रक्कम. १९७२ च्या कायद्याचं साधं सूत्र असं होतं: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. नोकरी सोडणाऱ्याची एका मालकाकडे सलग पाच वर्षं झालेली असली पाहिजेत.

समजा, मूळ पगार आणि भत्ता मिळून १५,६०० रुपये. २६ ने भागले तर ६००. त्याला १५ ने गुणलं तर ९,०००. म्हणजे वर्षाला नऊ हजार. एका माणसाने कंपनीच्या थेट नोकरीत बारा वर्षं काढली तर १,०८,००० रुपये.

त्याच्याच बरोबर, त्याच यार्डात, दुसऱ्या माणसानेही बारा वर्षं काढली. पण दर चार वर्षांनी ठेका बदलला. पहिल्या ठेकेदाराकडे चार, दुसऱ्याकडे चार, तिसऱ्याकडे चार. कुठेच पाच भरली नाहीत. कागदाप्रमाणे हिशेब: शून्य.

पीएफचं थोडं बरं आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायमचा खाते क्रमांक मिळतो, त्यामुळे ठेकेदार बदलला तरी खातं माणसाबरोबर चालतं. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि ठरावीक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. पण दर ठेक्यासरशी ज्याची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते, त्याचा प्रश्न तसाच आहे. यार्ड त्याची बारा वर्षं मोजत नाही. मग त्याने यार्डाशी मन का जोडावं? निष्ठा जुळायला आधी समोर कुणीतरी असावं लागतं. इथे पगार देणारा एक, काम सांगणारा दुसरा आणि नफा कमावणारा तिसरा.

यावर आपल्याच राज्याने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एक उत्तर शोधलं होतं. माथाडी कामगार आज एका व्यापाऱ्याचं पोतं उचलतो, उद्या दुसऱ्याचं. त्याला कायम मालक असूच शकत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद मंडळाकडे होते, मालक मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरतो, आणि त्यातून पीएफ, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी दिली जाते. मालक किती का बदलेनात, माणसाची वर्षं एका ठिकाणी मोजली जातात. पुढे या व्यवस्थेत खोटी नोंदणी, दमदाटी असे दोष शिरले. ते दूर व्हायलाच हवेत. मूळ कल्पना मात्र मला फार मोलाची वाटते.

६. बोलता येतं का?

१९७० मध्ये अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने एक छोटं पुस्तक लिहिलं. एखाद्या संस्थेची घसरण होऊ लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, त्याने सांगितलं: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा कुठे बसते? निष्ठा माणसाला दाराकडे जाण्यापासून थोडा वेळ थांबवते आणि बोलायला लावते. म्हणून तक्रार करणारा कामगार बहुतेकदा निष्ठावान असतो. ज्याने मनातून कंपनी सोडली, तो गप्प बसतो.

बोलण्याची वाट बुजली की काय होतं, ते मुंबईच्या गिरणगावाने भोगलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलण्याचा हक्क दिला होता. कापड उद्योगात तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. अनेक कामगारांना हा संघ आपला वाटत नव्हता. बदली कामगार वर्षानुवर्षं रोज गेटवर उभे राहत; आज काम मिळेल की नाही ते सकाळी कळे. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करावं आणि तो कायदा बदलावा, या मागण्या होत्या. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कोकणातली कितीतरी कुटुंबं गावी परतली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच खात्यात काम केलेली ही माणसं गिरणीशी एकनिष्ठ नव्हती, असं कुणी म्हणू नये. ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

यार्डांच्या बाबतीत हा प्रश्न अलीकडे टोकदार झाला. २०१६ पासून बंदरातून माल थेट कारखान्याकडे पाठवण्याच्या धोरणाला जोर आला, आणि यार्डांचं काम घटलं. अशा वेळी कामगारांना बसवून आकडे दाखवणं, किती दिवसांचं काम उरलंय ते सांगणं, कपात करायची तर कुठल्या क्रमाने हे आधी ठरवणं, याला पैसे लागत नाहीत. वाईट बातमी गेटवरच्या वॉचमनकडून कळली की उरलेल्यांचंही मन उडतं.

७. पूल झाल्यावर

राहावं लागतं म्हणून राहणाऱ्यांच्या जोरावर या भागातल्या कंपन्यांचं बराच काळ भागलं. ते दिवस सरत आहेत. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून येऊन चिर्ल्याला उतरणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणच्या लोकलचंही. पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मालवाहतूक, गोदाम, हॉटेल, देखभाल अशी नवी कामं घरी राहून करता येतील इतक्या अंतरावर येत आहेत. ज्याला यंत्र चालवता येतं त्याला आता निवड आहे. नऊ वर्षं टिकलेला तो तरुण निष्ठावान होता की अडकलेला, हे आता कळेल.

ज्या व्यवस्थापकाला तो जायला नको आहे, त्याने पुढचा ठेका देताना निविदेत तीन अटी घालाव्यात. सध्याच्या कामगारांना नव्या ठेकेदाराने सामावून घ्यावं. प्रत्येकाची यार्डात रुजू झाल्याची मूळ तारीख नव्या कागदावर उतरवावी, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद त्या तारखेपासून मोजून यार्डाने स्वतः वेगळी ठेवावी. सारख्या यंत्रावर सारखं काम करणाऱ्यांच्या पगारातला फरक किती वर्षांत भरून काढणार, ते आकड्यांत लिहावं. आपल्या उदाहरणात ग्रॅच्युइटीच्या तरतुदीचा खर्च वर्षाला माणशी नऊ हजार आहे. एक नवखा चालक तयार होईपर्यंत रखडलेले कंटेनर, आपटलेला माल आणि झालेले अपघात यांचा हिशेब ज्याने कधी मांडलाय, त्याला ही रक्कम जड वाटणार नाही.